पडद्याआडचा पहारा

परदेशातल्या विद्यापीठातून कुणी पाहुणे शास्त्रज्ञ व्याख्यानाला येणार असले, की निमंत्रणपत्रिकेवरचा विषय वाचूनच निम्मे लोक घरी थांबतात. ‘इम्युनिटी आणि रेटिनाचे विकार’ हा तसलाच विषय. जे येतात त्यांत पुढच्या दोन रांगा डॉक्टरांच्या, मागच्या बाकांवर विद्यार्थी, आणि मध्ये कुठेतरी स्वतःच्या किंवा घरातल्या कुणाच्या डोळ्यांपायी आलेली चार-दोन मंडळी. प्रश्नोत्तरांची वेळ झाली की या मधल्या मंडळींपैकी कुणीतरी हात वर करतं आणि विचारतं, “डोळ्यांची प्रतिकारशक्ती वाढवायला काय खावं?” पुढच्या रांगेत हसू उमटतं. खरं तर हसण्यासारखं त्यात काही नाही. करोनाच्या दोन वर्षांत काढ्यापासून झिंकच्या गोळ्यांपर्यंत जे जे विकता आलं ते ‘इम्युनिटी वाढवणारं’ म्हणून विकलं गेलं. प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकी चांगली, हे आपल्या सगळ्यांच्याच मनात पक्कं बसलेलं आहे.

डोळ्याच्या पडद्यापाशी मात्र हा हिशेब चुकतो. पडद्याचे कितीतरी आजार प्रतिकारशक्ती कमी पडली म्हणून होत नाहीत. ती नको तिथे आणि नको तितकी जागी झाली म्हणून होतात. व्याख्याता ज्या गोष्टी पहिल्या पाच मिनिटांत ‘तुम्हाला ठाऊक आहेच’ म्हणून उरकून टाकतो, त्याच नेमक्या सामान्य श्रोत्याला ठाऊक नसतात. त्या आधी हाताशी असाव्यात, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

गोष्ट खोगिरं शिवणाऱ्याच्या घरातून सुरू होते. पॅरिसच्या पूर्वेला कूव्रे नावाचं खेडं आहे. तिथे सिमॉन-रने ब्रेल घोड्यांसाठी चामड्याचा साज तयार करायचे. १८१२ मध्ये त्यांचा तीन वर्षांचा धाकटा मुलगा बापाचं बघून चामड्याला भोक पाडायला बसला. आरी सटकली आणि डोळ्यात गेली. जखम एकाच डोळ्याला झाली होती. पण पुढे दुसरा, धडधाकट डोळाही बिघडत गेला आणि पाचव्या वर्षापर्यंत मुलगा पूर्ण आंधळा झाला. हाच मुलगा लुई ब्रेल. अंधांसाठी ठिपक्यांची लिपी त्याने पंधराव्या वर्षी जुळवली, हे शाळेच्या पुस्तकात असतं. ज्या डोळ्याला आरी लागलीच नव्हती तो कशाने गेला, हे मात्र तिथे नसतं.

जखमेतला संसर्ग पसरला, असं तेव्हा समजलं गेलं. आजचे अनेक नेत्रतज्ज्ञ जुन्या नोंदी वाचून ‘सिम्पथेटिक ऑफ्थॅल्मिया’ असं निदान करतात. डोळ्याच्या आतली काही प्रथिनं रक्तात फिरणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या सहसा नजरेस पडत नाहीत. डोळा फाटला की ती बाहेर सांडतात आणि लसिकाग्रंथींपर्यंत पोचतात. तिथल्या टी पेशींना, म्हणजे पांढऱ्या पेशींच्याच एका प्रकाराला, हा माल परका वाटतो. त्या संख्येने वाढतात, रक्तातून निघतात आणि हीच प्रथिनं जिथे सापडतील तिथे हल्ला चढवतात. ती प्रथिनं दुसऱ्या डोळ्यातही असतातच. इजा झाल्यावर दोन आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत, क्वचित कित्येक वर्षांनीसुद्धा, हे घडू शकतं. स्टेरॉइड यायच्या आधीच्या काळात शल्यविशारदांपुढे एकच खात्रीचा मार्ग होता: फुटलेला डोळा वाचण्यासारखा नसेल तर दोन आठवड्यांच्या आत काढून टाकायचा, म्हणजे उरलेला तरी वाचेल. एक डोळा गमावलेल्या माणसाला हे पटवून सांगणं किती कठीण गेलं असेल, याची कल्पना केलेली बरी. आता हा आजार दुर्मीळ झाला आहे, पण डोळा आणि प्रतिकारशक्ती यांच्यातला करार मोडला की काय होतं, ते यापेक्षा स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

हा करार का करावा लागला, ते समजायला पडदा जवळून पाहावा लागतो. जाडी जेमतेम पाव मिलिमीटर. त्यात अंधुक उजेडात दिसण्यासाठी सुमारे बारा कोटी दंडपेशी आणि रंग व बारकावे टिपण्यासाठी साठ लाखांच्या घरात शंकूपेशी. वाचायला, सुईत दोरा ओवायला, समोरच्याचा चेहरा ओळखायला लागतो तो मधला भाग म्हणजे मॅक्युला, अवघा साडेपाच मिलिमीटरांचा. या पेशींच्या मागे रंगद्रव्य असलेल्या पेशींचा एकेरी थर असतो. डॉक्टर त्याला आरपीई म्हणतात. दंडपेशींची प्रकाश टिपणारी टोकं रोज थोडी थोडी गळतात आणि साधारण दहा दिवसांत पूर्ण नवी होतात. हा गळलेला भाग गिळून पचवण्याचं काम आरपीई जन्मभर, एक दिवसही न चुकता, करत राहतो. मागच्या रक्तवाहिन्या आणि पडदा यांच्यामधली भिंतही हाच थर उभी करतो, त्यामुळे रक्तातल्या पेशींना इथे सहजी शिरकाव मिळत नाही.

हाताला गळू झालं, पिकलं, फुटलं आणि व्रण राहिला तर हाताचं काही अडत नाही. मॅक्युलावर टाचणीच्या डोक्याएवढा व्रण पडला, तर पेपरातल्या ओळीच्या मधली अक्षरं कायमची जातात. पडद्याच्या चेतापेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. जंतू मारताना आजूबाजूचं चार घरचं नुकसान झालं तरी चालेल, हा शरीरात इतरत्र चालणारा व्यवहार इथे परवडण्यासारखा नाही.

डोळ्याला अशी खास सवलत मिळालेली आहे हे दीडशे वर्षांपूर्वीच लक्षात आलं होतं. १८७३ मध्ये व्हान डोरेमाल या डच नेत्रतज्ज्ञाने उंदराच्या त्वचेचा तुकडा कुत्र्याच्या डोळ्यात ठेवला, तर तो अपेक्षेपेक्षा बराच काळ टिकून राहिला. डिसेंबर १९०५ मध्ये आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स शहरात एडुआर्ड झिर्म यांनी एका माणसाचा कॉर्निया दुसऱ्याला बसवला आणि तो टिकला. मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण यशस्वी व्हायला त्यानंतर जवळपास पन्नास वर्षं लागली. नेत्रदानातून मिळालेला कॉर्निया बसवताना रक्तगट जुळतो का, हे सहसा पाहावं लागत नाही, ते याच सवलतीमुळे.

सवलतीचा शास्त्रीय पाया घातला तो पीटर मेडावार यांनी. महायुद्धाच्या काळात भाजलेल्या रुग्णांना दुसऱ्याची त्वचा लावली तर ती का गळून पडते, या प्रश्नामागे ते लागले होते. १९४८ मध्ये त्यांनी सशांच्या डोळ्यातल्या पुढच्या पोकळीत परक्या सशाची त्वचा ठेवून पाहिली. रक्तवाहिन्या तिच्यात शिरल्या नाहीत तोवर ती टिकली. त्यावरून असं वाटलं, की डोळा प्रतिकारयंत्रणेपासून फक्त लपलेला आहे. १९६० चं नोबेल मेडावार यांना बर्नेट यांच्यासह मिळालं ते प्रतिकारसहिष्णुतेच्या शोधासाठी. डोळ्याचा हा प्रयोग त्या मोठ्या कामाच्या शेजारचा.

लपण्याची कल्पना अपुरी ठरली ती सत्तरच्या दशकात. अमेरिकेत हेन्री कॅप्लन आणि वेन स्ट्रायलाइन यांनी परका पदार्थ डोळ्याच्या पुढच्या पोकळीत टोचला आणि मग तोच पदार्थ त्या प्राण्याला दुसरीकडे दिला. दुसरीकडची प्रतिक्रियाही थंडावलेली निघाली. म्हणजे डोळा दार लावून गप्प बसलेला नव्हता. तो प्लीहेपर्यंत निरोप पाठवून सगळ्या शरीराला ‘याच्याकडे दुर्लक्ष करा’ असं सांगत होता. १९९५ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. डोळ्यातल्या काही पेशींच्या पृष्ठभागावर ‘फास लिगंड’ नावाचं प्रथिन असतं. आत शिरलेल्या आक्रमक टी पेशीला ते भिडलं की टी पेशी मरते. त्याच वर्षी जपानचे शिमोन साकागुची यांनी इतर टी पेशींना आवर घालणाऱ्या नियामक टी पेशींची ओळख पटवली. त्या कामासाठी मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह त्यांना २०२५ चं नोबेल मिळालं. डोळ्याच्या संशोधकांना या पेशींचं महत्त्व बरंच आधी उमगलं होतं, कारण आवर घालणं हे डोळ्यात रोजचं काम आहे.

मग हा आवर सुटतो कशामुळे? दर वेळी जखमच लागते असं नाही. या प्रश्नावरचा एक नमुनेदार प्रयोग अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटमध्ये रेचल कॅस्पी यांच्या प्रयोगशाळेत झाला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्याकडे असे उंदीर होते ज्यांच्या टी पेशी जन्मतःच पडद्यातलं एक प्रथिन ओळखणाऱ्या बनवल्या होत्या. या उंदरांचे डोळे कुणी काही न करता आपोआप सुजायचे. कोडं असं, की ते प्रथिन तर डोळ्यात बंद. मग टी पेशींना चेतवलं कुणी? पेशी कुठे चेतल्या आहेत हे तपासत गेल्यावर माग आतड्यात निघाला. तोंडावाटे प्रतिजैविकं देऊन आतड्यातले जिवाणू कमी केले, तर डोळ्यांचा आजार लांबला आणि सौम्य झाला. जिवाणूंमधलं काहीतरी त्या टी पेशींना पडद्याच्या प्रथिनासारखं भासत होतं, आणि आतड्यात तापलेल्या पेशी डोळ्यात जाऊन उतरत होत्या.

हा प्रयोग ऐकून कुणी लगेच दह्याची वाटी किंवा प्रोबायोटिकची पुडी डोळ्यांचं औषध म्हणून विकू लागेल, म्हणून सांगायला हवं: हे मुद्दाम घडवलेले उंदीर होते. माणसाच्या डोळ्यापर्यंतचा तो पूल अजून बांधून झालेला नाही.

माणसांमध्ये डोळ्याच्या आतल्या या दाहाला युव्हिआयटिस म्हणतात. डोळा लाल होतो, उजेड सहन होत नाही, नजरेसमोर काळे ठिपके तरंगतात; दाह पाठीमागच्या भागात असेल तर लालीसुद्धा नसते, नुसतं धूसर दिसायला लागतं. सिल्क रूटच्या देशांमध्ये जास्त आढळणारा बेचेट विकार, जपानी आणि इतर आशियाई लोकांमध्ये दिसणारा व्हीकेएच, अशी या कुटुंबातली नावं व्याख्यानात भराभर येतील. भारतातल्या डॉक्टरच्या मनात मात्र पहिली शंका क्षयाची येते. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश एकट्या भारतात आहेत. डोळ्याच्या क्षयात जंतू बहुधा सापडतच नाही. सापडतो तो त्याच्यावर चिडलेल्या प्रतिकारशक्तीने केलेला विध्वंस.

बर्मिंगहॅमच्या हेन्री ईल्स यांनी १८८० मध्ये काही तरुण रुग्णांचं वर्णन केलं. डोळ्यात वारंवार रक्तस्राव, सोबत नाकातून रक्त आणि बद्धकोष्ठता. ईल्स यांना वाटलं, दोष बद्धकोष्ठतेचा. इंग्लंडमधून हा आजार जवळपास नाहीसा झाला. भारतीय उपखंडात विशी-तिशीतल्या तरुणांना तो अजून होतो. पडद्याच्या रक्तवाहिन्यांना सूज येते, त्या बंद पडतात, पर्यायी नाजूक वाहिन्या फुटतात आणि एके सकाळी डोळ्यासमोर लाल-काळं जाळं पसरतं. क्षयजंतूच्या प्रथिनांविरुद्धची अतितीव्र प्रतिक्रिया हे यामागचं एक कारण मानलं जातं.

पावसाळ्यातल्या ‘लेप्टो’ची गोष्टही अशीच. मुंबईकरांना आणि सिंधुदुर्गातल्या भातशेती करणाऱ्यांना हा शब्द नवा नाही. ताप उतरतो, माणूस कामाला लागतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी डोळा सुजतो. मदुराईला १९९३ च्या शेवटी पूर आला होता. पुढच्या वर्षी अरविंद नेत्र रुग्णालयात अशा रुग्णांची लाट आली, तेव्हा तापाचा आणि डोळ्याचा हा संबंध ठळकपणे नोंदला गेला.

उपचारांची कथा गेल्या पाऊणशे वर्षांत पुष्कळ पुढे गेली आहे. १९५० च्या सुमारास कॉर्टिझोन आलं आणि पहिल्यांदाच दाह शमवता येऊ लागला. बदल्यात मोतीबिंदू, काचबिंदू, वाढलेली साखर. १९८३ मध्ये रॉबर्ट नुसेनब्लाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायक्लोस्पोरिन हे अवयव प्रत्यारोपणातलं औषध युव्हिआयटिससाठी वापरलं. २०१६ मध्ये अमेरिकेत अडालिम्युमॅबला युव्हिआयटिससाठीही मान्यता मिळाली. ते दाह पेटवणाऱ्या टीएनएफ नावाच्या एकाच रेणूला अडवतं. या औषधाची जगातली पहिली बायोसिमिलर आवृत्ती २०१४ मध्ये भारतातच, अहमदाबादच्या झायडसने, बाजारात आणली होती. पण इथे एक पेच आहे. क्षयाचे जंतू शरीरात वर्षानुवर्षं गाठीत कोंडलेले राहतात, आणि त्या गाठीची भिंत उभी ठेवायला टीएनएफच लागतो. डोळा वाचवायला टीएनएफ अडवला तर छातीतला झोपलेला क्षय उठू शकतो. म्हणून डोळ्याच्या दवाखान्यात गेलेल्या माणसाला छातीचा एक्स-रे आणि रक्ताच्या तपासण्या सांगितल्या जातात. बाहेर येऊन ‘डोळ्याला छातीच्या फोटोचं काय काम?’ म्हणून कुरकुरणाऱ्या रुग्णाला हे कुणीतरी नीट सांगायला हवं. बहुधा गर्दीत ते राहून जातं.

प्रतिकारशक्ती नसेल तर काय, हेही पाहायला हवं. या प्रश्नाचं उत्तर एड्सच्या साथीने दिलं, आणि फार महागात दिलं. सीएमव्ही हा विषाणू बहुतेक प्रौढांच्या शरीरात निमूटपणे पडून असतो. एचआयव्हीमुळे रक्ताच्या दर घन मिलिमीटरमधल्या सीडी-४ या टी पेशी पन्नासच्या खाली गेल्या की तो पडद्यावर उठायचा. डॉक्टरला आत दिसायचे ते पांढरे मेलेले पट्टे आणि त्यांवर रक्ताचे डाग. एखाद्या वणव्यासारखे ते कडेकडेने पसरत जायचे. तरी रुग्णाचा डोळा लाल नाही, दुखत नाही. लाली आणि दुखणं ही प्रतिकारशक्तीच्या हालचालीची खूण, आणि ती हालचाल करायला तर कुणी उरलंच नव्हतं. १९९६ मध्ये गॅनसायक्लोव्हिर हळूहळू सोडणारी डोळ्यात बसवायची बारीक गोळी आली. १९९८ मध्ये फोमिव्हिर्सेनला मंजुरी मिळाली. विषाणूच्या जनुकाचा संदेशच झाकून टाकणारं, ‘अँटिसेन्स’ तत्त्वावरचं हे जगातलं पहिलं मान्यताप्राप्त औषध. जनुकीय औषधांच्या इतिहासातला एवढा मोठा टप्पा डोळ्याच्या पडद्यावर गाठला गेला, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

पण फोमिव्हिर्सेनला गिऱ्हाईकच उरलं नाही. १९९६ पासून एचआयव्हीवरची संयुक्त औषधं आली, सीडी-४ पेशी परतल्या आणि सीएमव्हीचा वणवा आपोआप विझू लागला. डॉक्टर आनंदात असतानाच काही रुग्ण परत आले. नजर पुन्हा धूसर. तपासावं तर विषाणू शांत, पडद्यावर नवा डाग नाही. मात्र डोळ्यातल्या पाण्यात पेशींचा गढूळपणा आणि मॅक्युलाला सूज. प्रतिकारशक्ती कामावर परतली होती आणि विषाणूच्या उरल्यासुरल्या अवशेषांवर तुटून पडत होती. ‘इम्यून रिकव्हरी युव्हिआयटिस’ असं या प्रकाराचं नाव पडलं. जी यंत्रणा गैरहजर राहिल्याने डोळा जात होता, ती हजर झाल्यानेही तो जाऊ शकत होता. भारतात सरकारी रुग्णालयांतून मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची हीच संयुक्त औषधं देणं, १ एप्रिल २००४ पासून सुरू झालं. सुरुवातीला निवडलेल्या राज्यांत महाराष्ट्र होता, आणि इथल्या नेत्रतज्ज्ञांनीही हे दोन्ही अंक पाहिले.

इथवरचे आजार दुर्मीळ किंवा विशिष्ट परिस्थितीतले. विषयाला खरी गती आली ती म्हातारपणीच्या एका अगदी सर्रास आजारामुळे. वयोमानाने मॅक्युला झिजते, त्याला एएमडी म्हणतात. श्रीमंत देशांत वृद्धांची दृष्टी कायमची जाण्याचं हे मोठं कारण. आरपीईच्या मागे पिवळसर ठिपके साठतात, त्यांना ड्रुसेन म्हणतात. वर्षानुवर्षं हा नुसता वयाचा कचरा समजला जात होता. त्या ठिपक्यांत नेमकं काय आहे हे तपासल्यावर त्यात ‘कॉम्प्लिमेंट’ची प्रथिनं निघाली. कॉम्प्लिमेंट ही प्रतिकारशक्तीची फार जुनी शाखा: रक्तात फिरणारी तीसेक प्रथिनं, एकाने दुसऱ्याला चेतवायचं आणि शेवटी जंतूच्या अंगाला भोक पाडायचं. ती शोधल्याबद्दल बेल्जियमच्या ज्यूल बोर्दे यांना १९१९ चं नोबेल मिळालं होतं.

२००५ मध्ये चार संशोधक गटांनी जवळपास एकाच वेळी एकच उत्तर छापलं. त्यांतला रॉबर्ट क्लाइन आणि येलच्या जोसेफिन होह यांचा निबंध विशेष गाजला. त्यांनी ९६ रुग्ण आणि ५० निरोगी माणसं घेतली आणि जनुकसंचातल्या एक लाखाहून अधिक जागा चाळल्या. एवढ्या थोड्या माणसांत काही सापडेल असं फार कुणाला वाटत नव्हतं. सापडलं ते ‘फॅक्टर एच’चं जनुक. हे प्रथिन कॉम्प्लिमेंटला लगाम घालतं. त्याच्या साखळीत ४०२ व्या जागी टायरोसिनऐवजी हिस्टिडिन असलं, की लगाम सैल पडतो. आईबापांकडून आलेल्या दोन्ही प्रती तशा असतील तर धोका ७.४ पट, असं त्या निबंधात आलं. ज्या आजाराला ‘वय झालं’ म्हणून सोडून दिलं जात होतं, त्याच्या मुळाशी प्रतिकारशक्तीचा एक सैल स्क्रू निघाला. पुढे हजारो आजारांसाठी वापरल्या गेलेल्या जनुकसंच-चाळणीच्या पद्धतीचं हे पहिलं मोठं यश मानतात.

कारण कळलं म्हणजे औषध मिळालं, असं मात्र झालं नाही. कॉम्प्लिमेंटमधला फॅक्टर डी अडवणारं लॅम्पालिझुमॅब २०१७ मध्ये अंतिम चाचण्यांत साफ पडलं. २०२३ मध्ये अमेरिकेत पेगसेटाकोप्लान आणि अव्हासिनकॅप्टॅड पेगोल या दोन औषधांना एएमडीच्या कोरड्या प्रकारातल्या शेवटच्या टप्प्यासाठी मान्यता मिळाली. दर महिन्याला किंवा महिन्याआड डोळ्यात सुई. पेगसेटाकोप्लानने मेलेल्या भागाची वाढ दोन वर्षांत साधारण पाचव्या हिश्श्याने मंदावली, पण रुग्णाला अधिक चांगलं दिसू लागलं असं नाही. काहींच्या रक्तवाहिन्यांना सूज येऊन उलट नजर गेल्याचीही उदाहरणं पुढे आली. युरोपच्या औषध नियामकांनी २०२४ मध्ये परवानगी नाकारली. नकाशावरचा डाग लहान राहिला, पण माणसाच्या रोजच्या दिसण्यात फायदा कुठे आहे, असा त्यांचा सवाल होता. तो रास्त वाटतो. व्याख्यानात रंगीत आलेख दाखवले जातील तेव्हा श्रोत्यांनी हाच प्रश्न जवळ ठेवावा.

मधुमेहाने पडदा खराब होतो यात नवं काही नाही. पण तिथेही नुसती साखर दोषी नसून, तिच्यामुळे पांढऱ्या पेशी बारीक वाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात आणि त्या तुंबवतात, असं चित्र गेल्या दोन-तीन दशकांत तयार झालं. याचा पहिला सुगावा जुना आहे. संधिवातासाठी ॲस्पिरिन वर्गातली औषधं घेणाऱ्या मधुमेहींचे पडदे तुलनेने कमी बिघडलेले दिसतात, असं निरीक्षण १९६४ मध्ये प्रसिद्ध झालं. मग अमेरिकेत हजारो रुग्णांवर रीतसर चाचणी झाली आणि १९९१ मध्ये निकाल लागला: रोज ६५० मिलिग्रॅम ॲस्पिरिनने पडद्याचा आजार थांबत नाही. सुगावा खरा, उपाय फसवा. आज मॅक्युलाची सूज हटत नसेल तर डोळ्यात स्टेरॉइड सोडणारी बारीक कांडी बसवतात, ती मात्र याच दाहाच्या विचारातून आलेली आहे.

जनुकोपचारांचा उल्लेख केल्याशिवाय असं व्याख्यान संपत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये आरपीई-६५ या जनुकातल्या दोषामुळे येणाऱ्या जन्मजात अंधत्वावर ‘लक्सटर्ना’ला अमेरिकेत मान्यता मिळाली. निरुपद्रवी विषाणूवर चांगलं जनुक चढवून ते पडद्याच्या खाली सोडायचं. परका विषाणू डोळ्यात घालूनही तो टिकतो, हे व्हान डोरेमाल यांनी पाहिलेल्या सवलतीचंच फळ. तरी सुरुवातीला स्टेरॉइडचा कोर्स द्यावाच लागतो. सवलत आहे, हमी नाही. दोन्ही डोळ्यांची किंमत साडेआठ लाख डॉलर ठरवली गेली. भारतात हा उपचार किती जणांच्या आवाक्यात येईल, हा प्रश्न पाहुण्यांना विचारायला हरकत नाही. उत्तर द्यायची जबाबदारी त्यांच्या एकट्याची नाही, एवढं ध्यानात ठेवून.

मधल्या रांगेतल्या श्रोत्यांच्या उपयोगाच्या दोन गोष्टी व्याख्यानात बहुधा येणार नाहीत, म्हणून इथे. पहिली मेडिकलमधून मिळणाऱ्या थेंबांची. डोळा लाल झाला की दुकानदाराला विचारून किंवा घरातली जुनी बाटली शोधून थेंब टाकायची सवय आपल्याकडे सार्वत्रिक आहे. त्यांतल्या कित्येक बाटल्यांत स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत लाली जाते, बरं वाटतं, आणि आतला जंतुसंसर्ग किंवा पाठीमागचा दाह कुणाला न दिसता पुढे सरकतो. महिनोन्‌महिने वापर झाला तर काचबिंदूची भर पडते. लाल डोळ्याबरोबर नजर धूसर झाली, उजेड टोचू लागला किंवा समोर नवे ठिपके तरंगायला लागले, तर थेंब विकत न घेता नेत्रतज्ज्ञाकडे जावं. आणि क्षय, संधिवात, तोंडात वारंवार येणारे छाले, नुकताच येऊन गेलेला ताप, हे सगळं न विचारता सांगावं.

दुसरी गोष्ट मधुमेहींसाठी. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. पन्नाशी ओलांडलेल्या मधुमेहींपैकी सुमारे १७ टक्के लोकांच्या पडद्यावर त्याचे परिणाम असल्याचं २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आढळलं. सुरुवातीला दिसण्यात काहीच फरक पडत नाही, म्हणून चष्म्याचा नंबर तपासून घेतला म्हणजे झालं असं वाटतं. तेवढ्याने भागत नाही. बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडद्याची तपासणी वर्षातून एकदा करून घ्यायची असते. थेंब घातल्यावर काही तास जवळचं नीट दिसत नाही आणि ऊन डोळ्यांवर येतं, तेव्हा सोबत कुणाला तरी न्यावं आणि गाडी त्यालाच चालवू द्यावी.